घड्याळजींची गुळगुळीत बंदूक

सासऱ्यांवर बंदूक रोखायचा घड्याळजींचा मुळीच विचार नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्या दिवशी बारा वाजायला सतरा मिनिटं असताना कोणी दुकानात डोकावलं असतं, तर त्याने भलताच अर्थ काढला असता, आणि त्याला दोष देता आला नसता. टेबलामागे घड्याळजी उभे, एका डोळ्याला भिंग. टेबलाच्या कडेला बसवलेल्या लोखंडी पकडीत आवळलेली छर्र्याची बंदूक. नळीच्या पुढे हातभर अंतरावर आरामखुर्ची, आणि त्या खुर्चीत तोंडावर वर्तमानपत्र पांघरून पडलेले सासरे.

बंदूक हवेच्या दाबावर चालणारी होती, आणि बंदुकांच्या दुकानात होत्या त्यांतली सगळ्यांत स्वस्त. व्यापारी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नेमबाजीची स्पर्धा असते, आणि गेली तीन वर्षं ती समोरचा चष्मेवाला जिंकत होता. त्याने जिंकावं, त्याला कोणाची ना नव्हती. पण जिंकल्यावर तो दर वेळी घड्याळजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "नजर तपासून घे रे एकदा. माझ्याकडेच ये, परका समजू नकोस." हे वर्षभर ऐकून घ्यावं लागलं की कुठल्याही शांत माणसाच्या घरात बंदूक येणारच.

आता स्वस्त बंदूक म्हटल्यावर ती करणाऱ्याने जिथे जिथे हात आखडता घेता येईल तिथे घेतलेला असतो. हिची नेम धरायची माशी प्लॅस्टिकची होती. दस्ता आतून पोकळ. चाप इतका जड, की तो ओढताना माणसाचं तोंड वाकडं व्हावं आणि तोंडाबरोबर नेमही. सेफ्टीचं बटण नुसतं धरलं तरी खडखडायचं. आत स्प्रिंगच्या जोरावर पुढे धावणारा दट्ट्या होता, तो असा करकरत जायचा की ऐकणाऱ्याच्या दातांना कळ लागावी. दुसरा कोणी असता तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता आणि गप्प बसला असता. घड्याळजी गप्प बसले नाहीत. एकतीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं उघडून त्यांचं एक ठाम मत झालं होतं, की जगातली सगळी दुखणी घर्षणापासून होतात. कुठेतरी काहीतरी घासतंय, म्हणून सगळं मागे पडतंय.

तेव्हा त्यांनी बंदूक उघडली. जुन्या घड्याळाचा काटा कापून धातूची माशी केली. पोकळ दस्त्यात वाळू भरून त्याला वजन आणलं. खडखडणारं सेफ्टीचं बटण काढून डबीत टाकलं. दट्ट्या घासला, त्याचं कातडी वॉशर घासलं. आणि मग त्यांचा हात खटक्यावर पडला. खटका म्हणजे ताणलेल्या स्प्रिंगला धरून ठेवणारा इवलासा दात. चाप ओढला की तो सुटतो आणि बंदूक उडते. तो खरबरीत होता. घड्याळजींनी तो आठ दिवस घासला. आधी कानशीने, मग पॉलिश कागदाने, मग नुसत्या मऊ कातड्याने. शेवटी त्यात त्यांना स्वतःची मिशी दिसायला लागली तेव्हा थांबले.

घड्याळाचं काम असतं चालत राहणं, आणि बंदुकीचं काम असतं सांगेपर्यंत थांबून राहणं. एवढा साधा फरक एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसाच्या लक्षात येऊ नये, पण अनुभवी माणसांचं असंच होतं.

त्या दिवशी सकाळी त्यांनी बंदूक पकडीत आवळली, खिडकीखाली चिंध्यांनी भरलेलं खोकं ठेवलं, स्प्रिंग ताणली, छर्रा घातला. आता चाप ओढणार, तोच हातातला एक स्क्रू निसटला. हा स्क्रू एवढा बारीक, की तो पडल्याचा आवाज फक्त घड्याळजींनाच येतो. ते लोहचुंबक घेऊन टेबलाखाली शिरले आणि पंधरा मिनिटं तिथेच राहिले. मध्ये वर खुर्ची ओढल्याचा आवाज आला, पण बायको झाडत असेल असं त्यांना वाटलं. स्क्रू घेऊन ते विजयी मुद्रेने वर आले आणि सवयीने भिंगातून खटक्याकडे पाहिलं. खटका सरकत होता. अगदी सावकाश, गुळगुळीतपणे, तासकाट्यासारखा.

त्यांनी चिमटा उचलला आणि खटका दाबून धरला. हे सगळं एका श्वासात झालं. मग त्यांनी मान वर केली, आणि खुर्चीतले सासरे त्यांना दिसले.

सासऱ्यांनी वाचायला म्हणून खुर्ची उजेडात ओढली होती आणि तिथेच त्यांचा डोळा लागला होता. नळी बरोबर वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या रकान्याकडे पाहत होती, आणि त्या रकान्यामागे सासऱ्यांचा उजवा डोळा होता. इतक्या जवळून छर्रा लागला तर डोळा गेलाच समजायचं. घड्याळजींचा जीव उडून गेला. हाक मारावी तर सासरे ठार बहिरे. हलवून उठवावं तर ते उठताना नेहमी टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी रेटा देऊन उठायचे, म्हणजे धक्का थेट बंदुकीलाच. पकड सैल करावी तर तिचा दांडा हिसका दिल्याशिवाय फिरत नाही. चिमटा सोडावा तर बोलायलाच नको.

"अगं," घड्याळजी म्हणाले. आवाज फुटलाच नाही. "अगं ए."

तिसऱ्या हाकेला बायको आतून आली. ती कपड्यांना इस्त्री करत होती आणि कपाळावर आठ्या तशाच होत्या. "अहो, जरा मोठ्याने बोलायला काय होतं? घशात काय अडक..." एवढं म्हणून ती थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"हळू. आणि चालू नकोस. जमीन हलते."

जमीन खरंच हलायची. खाली तळघर, वर लाकडी फळ्या. कोणी जरा पाय आपटला की टेबलावरचे स्क्रू नाचायचे. त्यावरून घड्याळजी घरातल्या सगळ्यांना वर्षानुवर्षं बोलत आले होते, पण आजच्यासारखं काकुळतीला येऊन कधी बोलले नव्हते.

"तुम्ही तर म्हणाला होतात, त्या लांब खोक्यात घड्याळाचा लंबक आहे."

"ते नंतर बोलू."

"लंबकाला दस्ता असतो?"

"नंतर बोलू म्हणतो ना. हा चिमटा सुटला की बंदूक उडेल. समोर बाबा आहेत. आता तूच बघ काय ते."

बायकोचा रंग उतरला. आठ महिन्यांपूर्वी आई गेल्यावर तिने वडिलांना इथे आणलं होतं. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी फारसं बोलत नव्हते, कारण बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं आणि ओरडून प्रेमाचं काही बोलता येत नाही. पण बाप तो बापच. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"हात दुखतोय का तुमचा?"

"अजून नाही. दहा-बारा मिनिटं निघतील."

"मग बाबा उठायच्या आत उरकायला हवं," ती म्हणाली. "त्यांना कळतासुद्धा कामा नये."

तेवढ्यात घड्याळजींची नजर भिंतीवर गेली. भिंतीवर गिऱ्हाइकांची चौदा घड्याळं होती, चौदाही टोल्यांची, चौदाही त्यांनी स्वतः दुरुस्त करून सेकंदाला सेकंद जुळवलेली. बारा मिनिटांनी चौदाही घड्याळं मिळून बाराचे ठोके देणार होती. रोज त्या वेळी टेबलावरची कपबशी थरथरते.

"लंबक थांबव," घड्याळजी म्हणाले. "एकेक करून. चवड्यांवर चाल."

बायको भिंतीशी अंग चोरून सरकायला लागली. एका घड्याळाचं दार उघडायचं, लंबकाला बोट लावायचं, दार मिटायचं, पुढे सरकायचं. घड्याळजी तिच्या पावलांकडे पाहत होते आणि मनातल्या मनात प्रत्येक फळीची विनवणी करत होते. एक थांबलं, चार थांबली, नऊ थांबली. एकतीस वर्षांत त्या दुकानात इतकी शांतता कधी झाली नव्हती. ती वाढत गेली तशी खुर्चीतल्या वर्तमानपत्राची कडा जरा हलली. सासऱ्यांनी चुळबुळ केली असावी. मग पुन्हा सगळं निपचित झालं आणि तिने दहावं दार उघडलं.

तेरा घड्याळं थांबली. चौदावं वरच्या फळीवर होतं. त्याला लंबकच नव्हता. किल्लीचं, पितळी घंटेचं, मागून चार स्क्रू काढल्याशिवाय न थांबणारं. ते चष्मेवाल्याचं होतं. आणि ते न्यायला चष्मेवाला त्याच वेळी दारात उभा राहिला, बारा वाजायला सहा मिनिटं असताना.

चष्मेवाला अंगाने भरलेला होता. तो चालला की रस्त्याला कळायचं. बायकोने दोन्ही हात पसरून त्याला उंबऱ्यावरच अडवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. त्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. या माणसाला बंदुकांमधलं कळत होतं, त्यामुळे तो हसला नाही. तो एकदम पांढरा पडला, आणि त्याला पांढरा पडलेला पाहून घड्याळजींची उरलीसुरली हिंमतही गेली. आपण उगाच घाबरतोय, असं तोपर्यंत त्यांना थोडंफार म्हणता येत होतं.

"सेफ्टी लाव," चष्मेवाला कुजबुजला.

"काढून टाकलीय."

"का?"

"खडखडत होती."

चष्मेवाल्याने डोळे मिटले आणि उघडले. "चाप जड असतो या बंदुकीचा. आपोआप नाही सुटायची ती."

"हलका केलाय. खटका पॉलिश केलाय."

"अरे, स्वस्त बंदुकीचा चाप जडच ठेवतात. दुसरं काही चांगलं देणं परवडत नाही, म्हणून निदान जड देतात. सगळी सुरक्षितता त्या एका जडपणात असते. किती पॉलिश केलास?"

"मिशी दिसते."

चष्मेवाल्याला हे पटकन कळलं नाही, पण कळल्यावर तो चौकटीला टेकला. "बरं, छर्रा कशाला घातलास? नुसतीच ताणून बघायची होती."

"मोकळी उडवली तर दट्ट्या आपटून खराब होतो, असं पुस्तिकेत लिहिलंय."

"पुस्तिका वाचलीस," चष्मेवाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "नळी दुमडून छर्रा काढता येईल. पण नळी उघडायला तिच्यावर थाप मारावी लागते."

"मग नको."

"मग नको," चष्मेवाल्यालाही पटलं. "मधे काहीतरी आडवं धरा. जाड लाकूड. आवाजाची चिंता करू नका, शेजाऱ्यांना कळणारसुद्धा नाही."

बायको आत जाऊन भाजी चिरायची फळी घेऊन आली. बारा वाजायला तीन मिनिटं होती. फळी घेऊन टेबल आणि खुर्ची यांच्यामधे शिरायचं, तर वडिलांचे लांब केलेले पाय ओलांडायला हवे होते. चष्मेवाल्याचं पोट तिथे मावलं नसतं आणि घड्याळजी तर खिळूनच राहिले होते. तिने पदर खोचला आणि ती गुडघ्यांवर खाली बसली.

"हे बघा," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी मधे असताना तुमचा हात हलला, तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

"हलणार नाही," घड्याळजी म्हणाले. घाम भुवईवरून भिंगात उतरला आणि खटका त्यांना दिसेनासा झाला. आता ते नुसत्या अंदाजाने दाबून धरत होते. बंदूक आणि आपली माणसं यांच्या मधे आता फक्त आपला अंदाज आहे, हे त्यांना कळत होतं.

बायको इंच इंच पुढे सरकली. जमिनीची फळी करकरली की थांबायची, श्वास रोखायची, पुन्हा सरकायची. वडिलांचे पाय आले. तिने एक गुडघा पलीकडे टाकला, मग दुसरा. मग आडवी होऊन फळी वर उचलली आणि नळीच्या तोंडापुढे दोन्ही हातांनी धरली. वर्तमानपत्र तिच्या कानाशी होतं. त्यामागून येणारा वडिलांचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि झोपलेल्या माणसाचा श्वास इतका भरभर चालत नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण तेवढ्यात वरच्या फळीवर पितळी घंटेचा पहिला ठोका पडला.

घड्याळजी दचकले. चिमटा सरकला. खटका, ज्याच्यावर आठ दिवस मेहनत घेतली होती, तो लोण्यासारखा सुटला.

खाट करून आवाज झाला, पकड हादरली, बायकोने डोळे घट्ट मिटून घेतले. चष्मेवाल्याने उंबऱ्यावर स्वतःचंच डोकं धरलं. मग फळीवर टक्क झालं आणि काहीतरी जमिनीवर टपकलं.

घंटा बारा ठोके देऊन थांबेपर्यंत कोणीच हललं नाही. चष्मेवाला मग पावलं न वाजवता आत आला, वाकला, छर्रा उचलला. त्याने तो निरखून पाहिला, मग फळी निरखून पाहिली. फळीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"दट्ट्याचं वॉशरही घासलंस?" त्याने विचारलं.

"जरासं. फार घट्ट बसत होतं."

"ते घट्ट बसतं म्हणून हवा दाबली जाते रे. ही बंदूक आता कागदसुद्धा फाडायची नाही. फार तर त्याला स्पर्श करील."

घड्याळजी स्टुलावर बसले. चिमटा अजून बोटांत तसाच धरलेला होता. बायको फळी कवटाळून जमिनीवरच रडायला लागली. हे सगळं चाललं असताना वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. मागे सासऱ्यांचा चेहरा घामाने निथळत होता.

"झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

मुलगी धडपडत उठली आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "बाबा, कुठे लागलं नाही ना?"

"ओरडू नकोस. ऐकू येतं मला."

"येतं म्हणजे?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

"येतं म्हणजे येतं. इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे नव्हतं का नेलंस? त्याने मळ काढला. घरी येईपर्यंत लख्ख ऐकू यायला लागलं होतं."

तिघंही हिशेब करायला लागले. घड्याळजींना आठवलं, की सासऱ्यांच्या घोरण्याची नक्कल आपण गिऱ्हाइकांना त्यांच्याच खुर्चीशेजारी उभं राहून करून दाखवायचो. चष्मेवाल्याला आठवलं, की मागच्याच आठवड्यात आपण याच टेबलाला टेकून, सासऱ्यांकडे बोट करून म्हणालो होतो, हा दगड इथून कधी हलायचा. बंदूक समोर असताना तो जितका पांढरा पडला होता त्याहून आता जास्त पडला. "मी येतो," म्हणाला, आणि घड्याळ न घेताच निघून गेला.

"मग बोलला का नाहीत?" मुलीने विचारलं.

"सांगणारच होतो. येऊन बसलो खुर्चीत, तर तू फोनवर दादाशी बोलत होतीस. इथेच, माझ्यासमोर उभी राहून. म्हणालीस, थंडी संपली की बाबांना घेऊन जा, मला आता होत नाही." सासऱ्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी म्हटलं, ऐकू येतं हे कळलं तर तुम्ही माझ्यासमोर बोलायचं बंद कराल. मग मला कधी नेणार, ते मला कळायचं कसं? या वयात बॅग भरायला दोन दिवस तरी लागतात."

घड्याळजींनी उगाच भिंग पुसलं.

"आणि आज?" त्यांनी चाचरत विचारलं.

"आज तुकडे तुकडे ऐकू आले. बाबा उठायच्या आत उरकू. शेजाऱ्यांना कळणार नाही. पेपर जरा बाजूला करून बघतो, तर समोर नळी." सासऱ्यांनी कपाळ पुसलं. "म्हटलं, दादाने न्यायला नकार दिलेला दिसतोय."

मुलगी मटकन खाली बसली. तिने वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "मी तेव्हा चिडून बोलले होते, बाबा. दुसऱ्याच दिवशी त्याला परत फोन केला, की नको येऊस, बाबा इथेच राहतील. ते नाही ऐकलंत?"

"नाही. आतल्या खोलीतून केला असशील."

"तुम्ही कुठेही जायचं नाही," ती म्हणाली. "कळलं? हे तुमचं घर आहे."

सासऱ्यांनी कानामागे हात धरला आणि मान तिच्याकडे वाकवली.

"काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं."

तिने पुन्हा सांगितलं. सासऱ्यांनी तो हात कानामागून काढलाच नाही, म्हणून तिने तिसऱ्यांदाही सांगितलं.